ई-रीडरवर मराठी: घेण्यापासून जपण्यापर्यंत, पायरीपायरीनं

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि बारीक टाइपाची पुस्तकं तिला नकोशी झाली. आई बडोद्यात दांडिया बाजारात राहते. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ती वर्षानुवर्षं जात होती, पण आता गुडघे तिला तेवढं चालू देत नाहीत. मराठी पुस्तकं हवी तर मुंबई-पुण्याहून कुणी येणार असेल त्याला यादी द्यायची, ही इथल्या मराठी घरांची जुनी रीत. आईची यादी वाढत गेली आणि वाचणं कमी होत गेलं. म्हणून आम्ही ई-रीडर घेतला.

पहिला रीडर दोन महिन्यांत फुटला. दुसरा आजही तिच्या झोपाळ्यावर असतो. या दोहोंच्या मध्ये मी जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे. रीडरबद्दल जी माहिती सहज हाती लागते ती बहुतेक इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी असते. मराठी वाचणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात, आणि त्या पैसे भरून झाल्यावर समोर येतात.

आधी एवढं जवळ ठेवा

- रीडर आणि त्याचं पक्कं बिल. वॉरंटीसाठी बिलाचा फोटो फोनमध्येही ठेवा.
- पुस्तकासारखं उघडणारं कडक कव्हर. हे रीडरबरोबरच मागवा, मागाहून नको.
- एक ई-मेल खातं आणि ओटीपी येणारा, कायम चालू राहणारा मोबाइल नंबर.
- माहिती वाहून नेणारी युएसबी केबल. पुष्कळ स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. त्या जोडल्या की रीडर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि माणूस तासभर रीडरलाच दोष देत बसतो.
- शक्य असेल तर कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. नुसत्या फोनवरही निभतं, पण कॉम्प्युटर असला की अडत नाही.
- चष्मा पुसायचा मऊ कपडा.

१. कोणता आकार, कोणती जात

आधी एक फरक मनात पक्का करा. टॅब्लेट म्हणजे मोठा फोन. ई-रीडरचा पडदा वेगळ्याच तत्त्वावर चालतो. त्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण. वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे खाली जातात, आणि अक्षर उमटतं. उमटलेलं अक्षर टिकवायला मात्र वीज लागत नाही. म्हणून एका चार्जिंगवर कित्येक आठवडे जातात, आणि पडदा बाहेरचाच उजेड परतवतो, म्हणून भर दुपारी गच्चीत बसूनही कागदासारखं वाचता येतं. वाचनाचा दिवा अक्षरांच्या मागून डोळ्यांवर येत नाही, कडेच्या बारीक दिव्यांचा उजेड पानावर पसरतो. आईला फोनवर अर्ध्या तासात डोळे चोळावे लागत. रीडरवर ती दुपारभर वाचते.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फक्त कथा-कादंबऱ्या वाचायच्या असतील तर सहा-सात इंच पुष्कळ झाले. जुन्या पुस्तकांचे स्कॅन, पोथ्या, संशोधनाचे ग्रंथ वाचायचे असतील तर दहा इंचांच्या आसपासचा बघा, नाहीतर पैसे साठेपर्यंत थांबा. लहान पडद्यावर स्कॅन वाचणं म्हणजे डोळ्यांचे हाल.

जातीबद्दल थोडक्यात. अ‍ॅमेझॉनच्या किंडलला स्वतःचं मोठं दुकान जोडलेलं आहे आणि त्यात २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. कोबोसारखे रीडर ईपब फाइल, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइलचा रूढ प्रकार, थेट उघडतात. बूक्ससारखे काही रीडर अँड्रॉइडवर चालतात, त्यात फोनसारखी अ‍ॅपं घालता येतात. हा शेवटचा मुद्दा मराठी वाचकांसाठी मोलाचा आहे. मराठी ई-पुस्तकं विकणारे काही विक्रेते ती फक्त स्वतःच्या अ‍ॅपमध्येच उघडू देतात, आणि ती किंडलमध्ये काही केल्या जात नाहीत. तुमच्या आवडत्या प्रकाशकाची पुस्तकं कुठे मिळतात हे आधी बघा आणि मग रीडर निवडा. आम्ही नेमकं उलट केलं होतं.

बाहेरदेशातून कुणी आणून देत असेल तर एक विचारून घ्या, त्याची वॉरंटी भारतात चालते का? बऱ्याचदा चालत नाही.

२. खोका उघडल्यावरचा पहिला तास

पडद्यावर प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर ते काढा. त्यावर छापलेलं चित्र पाहून लोक म्हणतात, हा बंदच होत नाही. त्याच्या उलटही होतं. रीडर झोपवला तरी पडद्यावर चित्र दिसत राहतं. ते तसंच असायचं, त्यानं बॅटरी संपत नाही.

मग चार्जिंगला लावा, वाय-फाय जोडा, खातं नोंदवा आणि सॉफ्टवेअर अपडेट होऊ द्या. अपडेट चालू असताना केबल काढू नका.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी रीडर असेल तर याच तासात दोन गोष्टी उरका. पहिली, पिन घाला. रीडरला तुमचं खातं जोडलेलं असतं आणि खात्याला पैसे. दुसरी, दुकान ‘पेरेंटल कंट्रोल’ या सेटिंगमधून बंद करून ठेवता येतं, ते करा. आईनं पान उलटायला बोट लावलं आणि तीन पुस्तकं खरेदी झाली. ती बिचारी घाबरून गेली, आपण काहीतरी बिघडवलं असं तिला वाटलं. चुकून झालेली खरेदी रद्द करण्याची सोय असते, पण तिची मुदत थोडी असते, म्हणून बँकेचा मेसेज आला की त्याच दिवशी बघा. महिन्याच्या वर्गणीची फुकट चाचणी घेतली असेल तर ती कोणत्या तारखेला आपोआप सशुल्क होते हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सगळं लावून झालं की वाय-फाय बंद करा. पुस्तक उतरवून घ्यायचं असेल तेव्हाच चालू करा. बॅटरी किती तरी जास्त दिवस पुरते.

३. मराठी नीट दिसतं का, हे परत करायची मुदत संपायच्या आत तपासा

हीच पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची.

रीडर मराठी दाखवतो एवढ्यावर समाधान मानू नका. जोडाक्षरं कशी दिसतात ते बघा. त्यासाठी मी एक चाचणीचं पान केलं, तुम्हीही करा. गूगल डॉक्समध्ये नवा कागद उघडून त्यात हे शब्द लिहा: दुसऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हास, वाङ्मय, हृदय, उत्कृष्ट, कर्तृत्व, श्रद्धा, ज्ञानेश्वर, अ‍ॅप, ऑगस्ट. त्याखाली एखादा नेहमीचा परिच्छेद लिहा. आमच्या पानावर ‘मराठी वाङ्मय परिषद, बडोदे’ हे नाव आहे, त्यातल्या एका ‘ङ्म’नं पहिल्याच वेळी अडचण उघडी पाडली. मग डाउनलोडमध्ये जाऊन ईपब हा प्रकार निवडा, आणि ती फाइल पुढे पाचव्या पायरीत सांगितल्याप्रमाणे रीडरमध्ये घाला.

आता पान उघडून सावकाश बघा. ‘दुसऱ्या’मधला र चंद्रकोरीसारखा य ला चिकटलेला दिसतो, की ‘दुसर्या’ असा रफार होऊन वर जातो, की पाय मोडका र सुटा पडतो? वेलांटी योग्य अक्षरावर आहे का? अक्षराऐवजी चौकोन येतात का? अक्षराचा आकार सगळ्यात मोठा केला की ओळीवरची मात्रा कापली जाते का? आईनं हे पान नाकाजवळ धरून बोट फिरवत वाचलं आणि म्हणाली, “अगं, हा ङ कुठे गेला?” ‘वाङ्मय’च्या जागी ‘वा’ आणि ‘मय’ यांच्यामध्ये एक रिकामा चौकोन होता.

यावर उपाय आहे, फाँट बदला. किंडल आणि कोबो या दोन्हींमध्ये बाहेरचा फाँट घालता येतो. रीडर कॉम्प्युटरला जोडा, त्यात ‘fonts’ या इंग्रजी नावाचा फोल्डर दिसेल, नसेल तर त्याच इंग्रजी नावानं करा, आणि फाँटची फाइल त्यात टाका. फुकट आणि कायदेशीर मिळणारे चांगले देवनागरी फाँट पुष्कळ आहेत: मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी, मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला शोभिका. माझी पसंती टिरो देवनागरी मराठीला. हिंदीसाठी केलेल्या फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. त्यांनी वाचन अडत नाही, पण ज्यांनी साठ वर्षं मराठी छापील पुस्तकं वाचली त्यांच्या डोळ्यांना ते खटकतं. आईनं मराठी वळणाचा ल पाहिला आणि चष्मा काढून ठेवून पुन्हा लावला. “हां, आता घरचं वाटतंय.”

फाँट बदलूनही जोडाक्षरं तुटत असतील तर दोष रीडरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मग हयगय करू नका, मुदतीत परत करा.

४. पुस्तकं कुठून आणायची

विकत घ्या. नवे लेखक जगायला हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फुकट पीडीएफ या बहुतेक चोरीच्या असतात, आणि जोडलेल्या दुव्यांतून फोनचं वाटोळं होतं ते वेगळंच.

फुकट आणि रास्त मार्गही आहेत. आपल्या देशात लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं लेखनावर हक्क राहतो. म्हणजे १९५० साली निधन झालेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं झालं. अशी जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतवर मिळतात. तिथे स्वयंसेवकांनी स्कॅन वाचून, तपासून, टंकून ठेवलेली पानं असतात, आणि पुस्तक थेट ईपबमध्ये उतरवून घेता येतं. मोठ्या अक्षरात वाचणाऱ्यांसाठी यासारखं दुसरं नाही. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं पुस्तकं विनामूल्य देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही त्यांची पुष्कळ प्रकाशनं उतरवून घेता येतात. ही बहुतेक पीडीएफ असतात, त्यांच्याबद्दल सहाव्या पायरीत लिहिलं आहे.

इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचा खजिना आहे, पण तिथला एक सापळा सांगते. तिथे स्कॅनशेजारी ईपबचंही बटण असतं. तो ईपब यंत्रानं आपोआप केलेला असतो, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्यात बहुधा अर्थहीन अक्षरांचा ढीग निघतो. तिथून नेहमी पीडीएफच घ्या.

५. रीडरमध्ये पुस्तक घालणं

किंडल असेल तर सगळ्यात सोपा मार्ग ई-मेलचा. प्रत्येक किंडलला स्वतःचा ई-मेल पत्ता असतो, तो सेटिंगमध्ये सापडतो. मात्र ज्या पत्त्यावरून तुम्ही पाठवणार तो आधी खात्यातल्या मंजूर यादीत घालावा लागतो. हे राहून गेलं की मेल पोचतच नाही. ईपब फाइल जोडा आणि पाठवा. ई-मेलनं ५० एमबीपर्यंत चालते, संकेतस्थळावरून पाठवली तर २०० एमबीपर्यंत. मी भावाचा पत्ताही आईच्या यादीत घातला आहे. तो आकोट्यातल्या त्याच्या घरून पुस्तक पाठवतो आणि आई वाय-फाय चालू करून घेते.

आता इथेच एक गंमतीदार वाटणारी पण माणसाला रडवणारी गोष्ट आहे. ईपब ई-मेलनं पाठवली की किंडल ती वाचतं, कारण वाटेत तिचं रूपांतर होतं. तीच ईपब केबलनं किंडलमध्ये टाकली तर यादीत दिसतच नाही. केबलनं घालायची असेल तर आधी तिचं एझेडडब्ल्यू३ (AZW3) या किंडलच्या प्रकारात रूपांतर करावं लागतं. कोबोला ही कटकट नाही, तिथे ईपब थेट चालते.

रूपांतरासाठी कॅलिबर हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. ते कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि आज जगभरचे वाचक वापरतात. ते त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, भलत्या जागेवरून नको. क्रम असा:

पुस्तक कॅलिबरमध्ये ओढून टाका. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मराठीत नीट लिहा, नाहीतर रीडरमध्ये ‘स्कॅन ००१७’ अशी नावं जमतात आणि आईबाबांना काहीच सापडत नाही. रूपांतराचं बटण दाबा, प्रकार निवडा, होऊ द्या. रीडर जोडा आणि ‘डिव्हाइसवर पाठवा’ हे बटण दाबा. आणि हे विसरू नका: केबल ओढून काढण्याआधी कॉम्प्युटरमधून रीडर ‘इजेक्ट’ करा. घाईनं ओढलेल्या केबलीनं आमची अख्खी पुस्तकांची यादी एकदा गायब झाली होती, पुन्हा सगळं घालावं लागलं.

किंडलच्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकांची फाइल संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं घालायची जी सोय होती, ती २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली आहे. जुने लेख वाचून ते बटण शोधत बसू नका. त्या दुकानातली खरेदी तुमच्या खात्याशी बांधलेली असते, म्हणून खात्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.

६. पीडीएफ आणि स्कॅन

पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो असं समजा. अक्षर मोठं करायला गेलात तर सगळं पानच मोठं होतं आणि प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवावं लागतं. रीडर आडवा धरा, समास कापायची सोय असेल तर कापा, पान रुंदीला भिडवा. सहा इंचांवरही मग बऱ्यापैकी वाचता येतं.

काही पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की ‘Á’सारखी विचित्र रोमन चिन्हं येतात. अशी पुस्तकं युनिकोड ही सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये, श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या, जुळवलेली असतात. त्यांचं कॅलिबरमध्ये रूपांतर करू नका, हाती कचराच येईल. ती पीडीएफ म्हणूनच वाचा.

एखादं पुस्तक फारच हवं असेल आणि त्याचा हक्क संपलेला असेल तर गूगल डॉक्सनं स्कॅनमधली अक्षरं ओळखून घेता येतात. ओळख बरी होते, पण म चा भ, घ चा ध, ष चा प होतो, आणि अनुस्वार गळतात. आजोबांच्या संग्रहातलं एक छोटं पुस्तक मी असं तीन आठवडे रोज रात्री तासभर बसून शुद्ध केलं. आई तपासायची, मी दुरुस्त करायची. ते काम करताना झालेलं आमचं बोलणं मला त्या पुस्तकाहून जास्त आठवतं.

७. पडदा: यावर सगळं अवलंबून आहे

रीडर हातात हलका लागतो आणि वरून मॅट प्लास्टिकसारखा दिसतो, त्यामुळे तो दणकट वाटतो. तो दणकट नाही. बहुतेक रीडरमध्ये त्या कुप्यांच्या थराखाली पातळ काच असते. जुन्या दगडी पाटीसारखा तो वागवा. पाटी पडली तर फुटायचीच, पण दप्तरात दाबली गेली तरी तडकायची.

पहिला रीडर कसा गेला ते सांगते. आई दादरला मावशीकडे निघाली होती. कापडी पिशवीत खाली रीडर होता, कव्हर नव्हतं, आणि वर मावशीसाठी नेलेला लाडवांचा स्टीलचा डबा. पिशवी पडली नाही, आपटली नाही. बडोदा स्टेशनवर गाडीत चढताना गर्दीत ती कुणाच्या तरी गुडघ्याला आणि दाराच्या दांड्याला दाबली गेली, बस. भरूच गेल्यावर आईनं रीडर काढला. वरच्या बाजूला साधा ओरखडाही नाही. बोट फिरवलं तर गुळगुळीत. आणि आत डाव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा निघालेल्या. पडद्याचा वरचा अर्धा भाग आदल्या पानावरच गोठला होता, खालच्या अर्ध्यात उभ्या काळ्या पट्ट्या. पान उलटलं की खालचं थरथरायचं, वरचं तसंच. त्या गोठलेल्या अर्ध्या पानातल्या सात ओळी तिनं सुरतपर्यंत पुन्हा पुन्हा वाचल्या.

शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला तर त्यांनी फोनची काच बदलतात तसं गरम करून कडा उचकटली. त्यांना हा पडदा वेगळा असतो हे ठाऊकच नव्हतं. पडद्याची किंमत विचारली तेव्हा ती जवळजवळ नव्या रीडरच्या घरात गेली. म्हणून सांगते, फुटलेला पडदा उघडू देण्याआधी कंपनीच्या मदतकेंद्राशी बोला. फुटण्याला साधी वॉरंटी लागू नसते, पण कधी कधी बदलून घेताना सवलत मिळते, आणि एकदा बाहेर उघडला की तीही जाते.

तेव्हापासून आमच्या घरात हे नियम आहेत:

रीडर नेहमी कव्हरात. पिशवीत ठेवताना पडद्याची बाजू एखाद्या वहीला टेकलेली, डब्याला किंवा चार्जरला कधीच नाही. चार्जरचे पिन पडद्यात रुततात. उशीखाली नाही, गादीवर मोकळा टाकायचा नाही, कारण कुणीतरी बसतं. झोपाळ्यावर वाचून उठताना आधी रीडर शेजारच्या कोनाड्यात, मग उठायचं. लहान मुलांच्या हातात दिलात तर जमिनीवर बसवून द्या. एका कोपऱ्यात धरून उचलू नका, पडदा पिळला जातो.

पुसताना रीडर बंद करून मऊ कोरड्या कपड्यानं पुसा. डाग गेला नाही तर कपडा किंचित ओला करून, घट्ट पिळून. आरशाची काच पुसायचा फवारा, सॅनिटायझर, स्पिरिट यातलं काही नको, मॅट थर उतरतो. आणि आपल्या बडोद्याची म्हणून एक विनंती: लीलो चेवडो खात वाचायचं असेल तर मधून मधून हात धुवा. ते तेल पडद्यावर बसलं की स्पर्श चुकीचा लागतो, आणि त्यातला साखरेचा कण कपड्याबरोबर घासला गेला की ओरखडा उठतो.

आधीच्या पानाची पुसट सावली दिसते ती मात्र बिघाड नाही. सेटिंगमध्ये प्रत्येक पानाला पडदा ताजा करायचा पर्याय असतो, तो चालू करा.

८. उन्हाळा आणि बॅटरी

किंडलसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश आणि ठेवण्याचं ४५ अंशांपर्यंत असं सांगितलेलं आहे. मे महिन्यात बडोद्याची दुपार ४२ अंशांच्या वर जाते. सावलीत, पंख्याखाली वाचायला हरकत नाही. पण उन्हात उभ्या केलेल्या अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर रीडर ठेवू नका. तिथे तापमान बाहेरच्यापेक्षा किती तरी वर चढतं. पडदा काळवंडतो, बॅटरीचं आयुष्य कायमचं घटतं. चुकून राहिलाच तर सावलीत आपोआप निवू द्या, फ्रिजमध्ये घालू नका आणि गरम असताना चार्जिंगला लावू नका.

साधा ५ व्होल्टचा चार्जर पुरतो. बॅटरी अगदी शून्यावर नेऊ नका. २० टक्क्यांच्या आसपास आली की लावा. महिनोन्महिने वापरणार नसाल तर अर्धी भरून, बंद करून कपाटात ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलीत तर पुन्हा जागी होईलच असं नाही.

मागची बाजू फुगलेली वाटली, पडदा कडेनं उचललेला दिसला, तर चार्जिंग लगेच थांबवा. दाबून बसवू नका, टोचू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.

विमानानं जाताना रीडर हातातल्या सामानात ठेवा.

९. पाऊस, पाणी, पूर

खोक्यावर आयपीएक्स८ लिहिलं असेल तर साधारणपणे दोन मीटर गोड्या पाण्यात तासाभरापर्यंत टिकतो असा अर्थ. याला पोहण्याची परवानगी समजू नका. आणि तसं लिहिलेलं नसेल तर न्हाणीघराच्या दारातही नेऊ नका. चहा, साबणाचं पाणी, मिठाचं पाणी जास्त वाईट. त्यात भिजला तर आधी साध्या पाण्यानं ओल्या केलेल्या कपड्यानं पुसा, मग कोरडा करा, केबलचं भोक खाली करून सावलीत उभा ठेवा. पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंग नाही. तांदळात पुरल्यानं पिठाचा बारीक भुगा भोकात जातो. हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्यानं पडदा जातो. पंख्याची हवा पुरे. विजा चमकत असताना चार्जिंगवरून काढून ठेवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा भावाच्या तळमजल्यावरच्या घरात कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले. बाबांनी जमवलेले दिवाळी अंक होते त्यात. पानं एकमेकांना चिकटून विटांसारखी झाली, एकही उघडलं नाही. आई तेव्हा त्याच्याकडेच होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सगळे गेले, वीज नव्हती, आणि रीडरच्या छोट्या दिव्यावर तिनं दोन रात्री मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या.

म्हणून पावसाळा सुरू व्हायच्या आधी एवढं करा. रीडर, केबल आणि भरलेली पॉवर बँक एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत, उंच कप्प्यावर, एकाच ठरलेल्या जागी. कॅलिबरचा सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून तोही त्याच पिशवीत. आणि घरातले जुने, पुन्हा न मिळणारे अंक असतील तर फोननं तरी त्यांचे फोटो काढून ठेवा. आम्ही ते काढले नव्हते.

१०. अडला, हरवला, कुणाला द्यायचा झाला

अडकला तर घाबरू नका. किंडलचं बटण ४० सेकंद दाबून धरा, पुन्हा सुरू होतं. पुस्तकं जात नाहीत. तरीही नाही झालं तर तासभर चार्जिंगला लावून पुन्हा बटण दाबा. रीडर बंद पडल्याच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

हरवला तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून खात्यात जाऊन तो रीडर काढून टाका, म्हणजे सापडलेल्याला तुमच्या पैशांनी खरेदी करता येणार नाही.

कुणाला द्यायचा असेल तर आधी खात्यातून नोंद काढा, मग सेटिंगमधून मूळ स्थितीला आणा. नोंद तशीच ठेवून दिलात तर तुमची पुस्तकं आणि तुमचे पैसे दोन्ही त्याच्या हातात जातात. देताना कव्हर, केबल आणि तिसऱ्या पायरीतलं ते चाचणीचं पान बरोबर द्या.